पाठीशी कुणी उभं राहिलं म्हणून...

एखादी बाई अन्यायाविरुद्ध उभी राहिली की आपण तिला धीराची म्हणतो, कौतुक करतो आणि आपापल्या घरी जातो. मग कोर्टाच्या फेऱ्या, वकिलाची फी, नातेवाइकांचे टोमणे, हे सगळं तिचं तिनेच निस्तरायचं! म्हणूनच डॉ. रखमाबाईंची गोष्ट आठवली की मला त्यांच्याइतकीच त्यांच्या भोवतीची माणसंही आठवतात.

रखमाबाईंचा जन्म मुंबईतला, १८६४ सालचा. वडील लवकर गेले. सुतार समाजात विधवेच्या लग्नाला आडकाठी नव्हती, त्यामुळे आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लागलं. पण सावत्र वडिलांनी मुलीला सासरी धाडण्याची घाई केली नाही. ती माहेरीच राहिली, वाचू-लिहू लागली. पहिला आधार मिळाला तो असा घरातूनच.

१८८४ साली दादाजींनी बायकोनं नांदायला यावं म्हणून हायकोर्टात दावा लावला. कळत नव्हतं तेव्हा लावलेलं लग्न आपल्याला बांधील नाही, असं रखमाबाईंचं म्हणणं. नाव न सांगता त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं लिहिली, ती बालविवाहात होरपळणाऱ्या साऱ्याच मुलींसाठी. १८८५ साली न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण तो ऐकायला सखाराम अर्जुन नव्हते, काही महिन्यांपूर्वीच ते वारले होते.

मग अपील झालं, आणि सनातनी मंडळी तुटून पडली. टिळकांचा ‘केसरी’ही विरोधातच होता. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी सरळ तुरुंगाची तयारी दाखवली!

त्या एकट्या पडल्या असत्या, तर? पण मुंबईत त्यांच्या बचावासाठी समिती उभी राहिली. पत्रकार बेहरामजी मलबारींनी लेखणी झिजवली. पंडिता रमाबाईंनी १८८७ सालच्या आपल्या इंग्रजी पुस्तकातून हा अन्याय परदेशातल्या वाचकांपर्यंत नेला. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली, दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाईंची कैद टळली.

गाजावाजा संपला की माणसं पांगतात. इथे तसं झालं नाही. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना डॉक्टर व्हायला प्रोत्साहन दिलं, मदतही उभी केली. एडिनबर्गला डॉक्टरकी शिकताना याच पीचीबाईंवर नि त्यांच्या मैत्रिणींवर जमावानं चिखल फेकला होता. सोसलेलीलाच सोसणारीची कदर, दुसरं काय! १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे मॅक्लॅरेन दांपत्यानं त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढे सुरत आणि राजकोटच्या स्त्रियांच्या दवाखान्यांत पस्तीसेक वर्षं त्यांनी बायाबापड्यांची सेवा केली. १९५५ साली, नव्वदी पार करून त्या गेल्या.

मुलींच्या संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला, त्याच्या मागे या खटल्यानं पेटलेली चर्चाही होती. एका मुलीला सांभाळलं आणि फायदा कितीजणींचा झाला बघा!

मैत्रिणींनो, आपल्या गल्लीत, आपल्या नात्यातही अशी एखादी असते. तिच्यासाठी समिती स्थापन करणं आपल्याला जमेलच असं नाही. पण तारखेच्या दिवशी तिच्याबरोबर कोर्टात जाऊन बसणं, तिची मुलं तेवढा वेळ सांभाळणं, चार रात्री आपल्या घरात आसरा देणं, हे तर जमेल? आणि हो, प्रकरण जुनं झाल्यावरही तिची चौकशी करणं. खरी गरज तेव्हाच असते.