कैद्याच्या शब्दावर विसंबणारा राजा : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

सूर्यनमस्काराचे प्रचारक, चित्रकार आणि कलासंग्राहक म्हणून औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. परंतु त्यांच्या हातून घडलेले एक कार्य त्या मानाने फारसे सांगितले जात नाही. जन्मठेपेच्या कैद्यांना त्यांनी भिंतीबाहेर काढले, जमीन दिली आणि बायकामुलांसह राहू दिले. बीड जिल्ह्यातील आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरातील वा गावातील कोणी आज तुरुंगात आहे, त्यांना या राजाची ओळख विशेष जवळची वाटेल, म्हणून ती येथे करून देत आहोत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. त्या काळी संस्थानिकाच्या घरातील मुलाने पदवीधर होणे ही दुर्मीळ गोष्ट होती. १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान, जेमतेम बहात्तर गावांचे, आणि तीही एका सलग प्रदेशात नसून सातारा, सांगली व विजापूर भागांत विखुरलेली. त्यांतील आटपाडीचा भाग तर कायम दुष्काळी. आष्टी-पाटोद्याच्या माळरानावर राहणाऱ्यांना त्या भूमीची कल्पना सहज येईल.

राज्य लहान असले तरी राजाची दृष्टी लहान नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखान्यासाठी जागा शोधत होते, तेव्हा १९१० मध्ये बाळासाहेबांनी त्यांना कुंडल येथील माळ दिला आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांनी त्या नव्या वसाहतीच्या राखणीसाठी पूर्वी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेल्या माणसांना नेमले होते. माणूस एकदा चुकला म्हणून कायमचा टाकून देऊ नये, हा विचार औंधच्या हवेत आधीपासूनच होता, असे यावरून म्हणता येईल. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला दिलेला आश्रय आणि १९३८ मध्ये औंध येथे उघडलेले संग्रहालय ही बाळासाहेबांची इतर मोठी कामे होत. त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही मात्र मूळ विषयाकडे वळतो.

नोव्हेंबर १९३८ मध्ये, वयाच्या सत्तरीत, बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. या कामात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे दोघे आघाडीवर होते. फ्रीडमन हे पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेले अभियंते. बंगळूरच्या कारखान्यातील मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून ते साधेपणाने राहू लागले आणि पुढे भारतानंद या नावाने ओळखले गेले. प्रजेवर विश्वास टाकायचा, तर त्या प्रजेत कैदी येतात की नाही, हा प्रश्न येथे ओघानेच उभा राहिला. फ्रीडमन यांनी तो मांडला आणि राजाने त्याचे उत्तर कृतीने दिले.

आटपाडीजवळ एक वसाहत वसविण्यात आली. तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांत दीर्घ शिक्षा झालेले मोजके कैदी तेथे आणले गेले. त्यांना कसण्यासाठी जमीन मिळाली. उंच तट नव्हता, बंदूकधारी पहारा नव्हता. कैद्याने शेत पिकवावे, आपल्या कुटुंबाचे पोट भरावे आणि पळून जाऊ नये, इतकीच अपेक्षा होती. शिक्षा रद्द झालेली नव्हती. न्यायालयाने ठरविलेली मुदत तशीच राहिली. बदलली ती केवळ ती मुदत भोगण्याची रीत.

या प्रयोगातील धोका लहान नव्हता. एखादा कैदी पळाला असता, त्याच्या हातून पुन्हा रक्त सांडले असते, तर दोष राजाच्याच माथी आला असता. ज्या घरातील माणूस मारला गेला होता, त्या घराला हा खुनी शेतात मोकळा दिसणार, हेही उघड होते. त्या घराचे दुःख खरे असते आणि ते कोणत्याही सुधारणेच्या नावाखाली विसरता येत नाही. तरीही बाळासाहेबांनी हा धोका पत्करला. बेडीत जखडलेला माणूस पळत नाही, यात त्याचा चांगुलपणा सिद्ध होत नाही. दार उघडे असताना जो थांबतो, त्याच्याविषयीच काही म्हणता येते. ही गोष्ट या वृद्ध राजाने ओळखली होती, असे आम्हांस वाटते.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांनी इहलोकीची यात्रा संपविली. स्वतंत्रपूर मात्र मागे राहिले. आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे जन्मलेल्या व औंधला शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी याच प्रयोगाच्या आधारे कथा लिहिली. तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखे बारह हाथ’ हा चित्रपट काढला. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालेच, शिवाय आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कारही मिळाला. आटपाडीच्या माळावरील एका हिंदू राजाचे काम ख्रिस्ती परीक्षकांच्या मनाला असे भिडले, हे आपण आवर्जून ध्यानात ठेवावे.

आज महाराष्ट्रात खुली कारागृहे आहेत. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्याच काठी, पलीकडच्या जिल्ह्यात, पैठण येथे १९६८ पासून खुले कारागृह चालू आहे. शिक्षेचा काही भाग चांगल्या वर्तनाने पूर्ण केलेल्या निवडक कैद्यांना तेथे शेतीकामासाठी पाठवितात आणि कामाच्या मोबदल्यात त्यांना शिक्षेत अधिक सूट मिळते. याखेरीज रजेचे दोन प्रकार आहेत. कुटुंबाशी नाते टिकावे म्हणून मिळते ती संचित रजा, म्हणजे फर्लो. घरातील मृत्यू, गंभीर आजार अशा कारणांसाठी मिळते ती अभिवचन रजा, म्हणजेच पॅरोल. पॅरोल हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ दिलेला शब्द असा आहे. मराठीतील अभिवचन हा प्रतिशब्द म्हणून किती नेमका आहे, हे स्वतंत्रपूरची कथा वाचल्यावर कळते.

या बाबतीत जगाची वाट सरळ नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे १८७६ मध्ये सुधारगृह सुरू झाले आणि तेथून पॅरोलची पद्धत देशभर पसरली. त्याच अमेरिकेने १९८४ च्या कायद्याने केंद्रीय गुन्ह्यांसाठी पॅरोल बंद केला. मरेपर्यंत सुटकेची आशा नसलेली जन्मठेप तेथे आज पन्नास हजारांहून अधिक जण भोगत आहेत. आपल्या देशातही समाधान मानावे अशी स्थिती नाही. तुरुंगातील चारांपैकी सुमारे तीन जणांचा खटलाच अजून निकाली निघालेला नाही. त्यांना शिक्षाच झालेली नसल्याने खुल्या कारागृहाचे दारही त्यांच्यासाठी उघडत नाही.

बंदिवानांची भेट घेणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. बाळासाहेबांचे चरित्र आपल्याला त्यापुढचे एक पाऊल दाखविते. भेटीची वेळ संपते, आपण घरी परततो. पण रजेवर आलेला किंवा शिक्षा संपवून सुटलेला माणूस एके दिवशी आपल्याच वस्तीत, आपल्याच मंदिराच्या दाराशी येऊन उभा राहतो. त्याला रोजगार कोण देणार, त्याच्या मुलीशी सोयरीक कोण जोडणार, मिस्साला त्याच्या शेजारी कोण बसणार, या प्रश्नांची उत्तरे कायदा देत नाही. ती धर्मग्रामातील आपणा सर्वांना द्यावी लागतात.