गिरणी कामगारांचे कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

मुलांनो, सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची मुंबई डोळ्यांपुढे आणा. दिवस उजाडताच कापडगिरण्यांचे दरवाजे उघडत आणि सूर्य मावळेपर्यंत यंत्रांची घरघर चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही तेरा-चौदा तास! आठवड्याची हक्काची सुटी नाही, दुपारी निवांतपणे भाकरी खाण्यास वेळ नाही आणि तुटपुंजा पगारही वेळेवर हाती पडत नाही. १८८१ सालच्या कायद्याने तर सात वर्षांच्या मुलासही गिरणीत नऊ तास राबविण्याची मुभा होती. मोठ्या माणसांच्या श्रमांना काही मर्यादाच नव्हती.

या मुक्या श्रमिकांना वाचा दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. त्यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. गिरणीत नोकरी करीत असताना कामगारांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राच्या संपादनाची धुरा त्यांनी वाहिली.

१८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जायबंदी झालेल्यास मदत, एवढ्याच त्या मागण्या! साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जास संमती दिली.

पण विरोधही मोठा होता. विलायतेतील गिरणीमालकांना येथील गिरण्यांची स्पर्धा नको होती, म्हणून तेही कडक कायदा मागत. अशा कायद्याने स्वदेशी धंदा बुडेल, असे येथील पुष्कळ विचारी माणसांना वाटे. ती भीती अगदीच खोटी नव्हती. तथापि धंद्याच्या भरभराटीचा सारा भार दुबळ्यांच्याच खांद्यांवर का असावा? लोखंडे यांनी कामगारांची बाजू सोडली नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही धीटपणे बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना कारखान्याचे काम बंद झाले.

१८९७ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. रुग्णांच्या सेवेत गढलेल्या लोखंडे यांनाही त्या रोगाने गाठले आणि ९ फेब्रुवारी रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

मुंबईच्या बहुतेक गिरण्या आता शांत झाल्या आहेत. परंतु जगात कोठे ना कोठे आजही अल्प वेतनावर कोणी आपल्यासाठी कापड विणीत आहे, कपडे शिवीत आहे. नवा सदरा अंगात घालताना त्या हातांची आठवण ठेवणे, हेच लोखंडे यांचे खरे स्मरण होय.