बुरशीवर पैज लावणारे ताकामिने

ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तोंडात घ्या आणि गिळू नका, नुसता चावत राहा. थोड्या वेळानं गोड लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम भाकरीतल्या स्टार्चची साखर करतं. हेच काम एक बुरशीही करते, तेही कारखान्याच्या मापानं. तिला जगाच्या बाजारात नेणारे शास्त्रज्ञ म्हणजे जोकिची ताकामिने. परभणीत फूड टेक, बायोटेक करणाऱ्यांनी तर त्यांची गोष्ट वाचायलाच हवी.

जन्म 1854 चा, जपानमधल्या ताकाओकाचा. वडील वैद्य, तर आईचं घराणं साके बनवणारं. साकेसाठी वाफवलेल्या तांदळावर 'कोजी' बुरशी वाढवतात. शास्त्रीय नाव अ‍ॅस्परजिलस ओरायझी. ती तांदळातल्या स्टार्चची साखर करते, मग यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. ताकामिनेंसाठी हे घरातलंच ज्ञान होतं. पुढे ते टोकियोत इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि तिथून ग्लासगोला गेले.

1890 मध्ये ते बायको-मुलांसह अमेरिकेत गेले. तिथे व्हिस्कीसाठी बार्लीला मोड आणून माल्ट करायचे. त्यात बरेच दिवस जायचे. ताकामिने म्हणाले, गव्हाच्या कोंड्यावर कोजी वाढवू, दोनेक दिवसांत काम होईल. कोंडा म्हणजे गिरणीतला टाकाऊ माल, त्यामुळे खर्चही कमी. पण यामुळे माल्टवाल्यांच्या पोटावर पाय येणार होता. विरोध सुरू झाला. त्यातच कारखान्याला आग लागून सगळं खाक झालं. पाठोपाठ यकृताच्या आजारानं ते अंथरुणाला खिळले. परका देश, हातात पैसा नाही. दुसरा कुणी असता तर परतीचं तिकीट काढलं असतं.

त्यांनी बुरशी मात्र सोडली नाही. व्हिस्कीला नको तर पोटाला चालेल, असा विचार करून त्यांनी कोजीतलं एन्झाइम वेगळं काढलं. 1894 मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. 'ताका-डायस्टेज' नावानं हे अपचनावरचं औषध पार्क-डेव्हिस कंपनीनं विकलं आणि ते तुफान चाललं. 1900 मध्ये सहकारी केइझो उएनाका यांच्यासोबत त्यांनी अ‍ॅड्रेनलिन शुद्ध स्वरूपात मिळवलं. प्रयोगशाळेतलं हातकाम उएनाकांचं होतं, नाव जास्त ताकामिनेंचं झालं. हेही लक्षात ठेवायला हवं. तेव्हाच्या कायद्यामुळे जपानी माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळत नसे. तरीही 1912 मध्ये वॉशिंग्टनला चेरीची झाडं भेट गेली, त्यामागे त्यांचा पैसा होता. 1922 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते वारले.

ही बुरशी साखर करते कशी, हे जनुकांच्या पातळीवर कळायला पुढे अनेक दशकं लागली. 2005 मध्ये जपानी संशोधकांनी तिचा पूर्ण जीनोम वाचला. जवळपास 12 हजार जनुकं सापडली. ज्या वाणाचा जीनोम वाचला, त्यात अमायलेजच्या जनुकाच्या तीन जवळजवळ सारख्या प्रती आहेत. 'एएमवाय-आर' नावाचं जनुक त्यांचा स्विच आहे. स्टार्च फुटून तयार होणाऱ्या माल्टोजसारख्या साखरा जाणवल्या की स्विच चालू. पण समोर आयतं ग्लुकोज भरपूर असलं, की बुरशी एन्झाइम बनवायचं कमी करते. आयतं मिळाल्यावर कोण कष्ट करतो!

आणखी एक गंमत. हिची अगदी जवळची बहीण, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, शेंगदाण्यात आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते. कोजी ते बनवत नाही. म्हणून घरात दाण्यांना लागलेली बुरशी टाकूनच द्यायची.

आपल्याकडे काढणीच्या वेळी पाऊस आला की ज्वारी बुरशीनं काळी पडते आणि भाव पडतो. शेतकऱ्याचा बुरशीवरचा राग खराच आहे. पण कुठली बुरशी नासवते आणि कुठली कमवून देते, हे ओळखायला अभ्यास लागतो. ताकामिनेंनी तो कारखाना जळाल्यावरही चालू ठेवला. सेमिस्टरमध्ये एखादा प्रयोग फसला तर एवढं आठवलं तरी पुरे.