बर्था बेंझ

जर्मनीतील फोर्ट्सहाइम या गावी ३ मे १८४९ रोजी बर्था रिंगर यांचा जन्म झाला. यंत्रांविषयी त्यांना लहानपणापासून कुतूहल होते. परंतु त्या काळी तेथील विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. कार्ल बेंझ या तरुण अभियंत्याशी विवाह ठरताच त्यांनी आपला हुंडा वडिलांकडून आधीच मागून घेतला आणि कार्ल यांच्या भागीदाराचा कारखान्यातील हिस्सा विकत घेण्यासाठी तो दिला. १८७२ साली त्यांचा विवाह झाला.

२९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल यांनी इंजिनावर चालणाऱ्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. गाडी तयार होती, पण गिऱ्हाईक फिरकत नव्हते. घोड्याविना धडधडत जाणाऱ्या वाहनावर लोकांचा विश्वास बसेना. ही कोंडी फोडायचे बर्था यांनी ठरवले. ऑगस्ट १८८८ मधील एका पहाटे, पतीला न सांगता, यूजेन व रिचर्ड या मुलांना घेऊन त्या मानहाइमहून माहेरी निघाल्या. अंतर होते सुमारे १०० किलोमीटर. तोवर मोटारीने एवढा लांबचा प्रवास कोणीही केला नव्हता.

इंजिन एका सिलिंडरचे होते. मागच्या बाजूचे आडवे जड चाक हाताने फिरवून ते सुरू करावे लागे. सिलिंडर थंड ठेवणारे पाणी उकळून वाफ होऊन जाई. ते आटू दिले असते, तर तापलेला दट्ट्या सिलिंडरमध्येच अडकून बसला असता. म्हणून जेथे पाणी मिळेल तेथे थांबून ते भरून घ्यावे लागले. इंधनही पुरेना. पेट्रोलसारखेच झटकन पेट घेणारे लिग्रोइन तेव्हा कपड्यांवरील डाग काढण्यासाठी औषधांच्या दुकानात मिळे. विसलोख गावच्या औषधविक्रेत्याकडून बर्था यांनी ते घेतले. ते दुकान आज जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखले जाते!

पुढे इंधनाची नळी तुंबली. बर्था यांनी टोपीची लांब पिन काढून नळीतील कचरा दूर केला. ठिणगी देणाऱ्या तारेचे आवरण झिजले, तेव्हा त्यांनी मोजा बांधण्याचा लवचीक पट्टा तिच्यावर गुंडाळला. हा दोष किरकोळ नव्हता. तार उघडी राहिली, तर इंजिन बंद पडतेच, शिवाय भलत्या ठिकाणी पडलेली ठिणगी इंधनाच्या वाफेला आग लावू शकते. ताणलेली साखळी लोहाराने नीट करून दिली. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. चढावर मात्र इंजिनाची शक्ती अपुरी पडे आणि मुलांना उतरून गाडी ढकलावी लागे.

सायंकाळी फोर्ट्सहाइमला पोहोचल्यावर त्यांनी कार्ल यांना तार केली. काही दिवसांनी त्या गाडीनेच परतल्या आणि चढासाठी आणखी एक गिअर हवा, असे त्यांनी सुचवले. ती सूचना कार्ल यांनी अमलात आणली. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले.

१९२९ मध्ये कार्ल यांचे निधन झाले. बर्था यांच्या ९५ व्या वाढदिवशी, ३ मे १९४४ रोजी, कार्ल जेथे शिकले होते त्या कार्ल्सरूऱच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद सिनेटर हा किताब दिला. दोनच दिवसांनी लाडेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले.