आकड्यामागचा माणूस : नामदार गोपाळ कृष्ण गोखले



अलीकडे आपल्या मोबाइलवर एका प्रकारचे संदेश फार येतात. बाहेरून आलेल्यांमुळे गुन्हे वाढले, अमुक शहरात इतके टक्के गुन्हेगार परप्रांतीय, तमुक देशात घुसखोरांनी इतके खून केले, असा मजकूर असतो. खाली एक मोठा आकडा असतो. तो कोणी मोजला, कधी मोजला, याचा पत्ता नसतो. तरी त्यावरून घरच्या ग्रुपवर मेहुणे-मेहुणे भांडतात, आणि भांडण मिटले तरी परक्या माणसाविषयीची अढी मनात राहते.

या विषयावर प्रवचन देण्याऐवजी एका मोठ्या माणसाचे चरित्र सांगावे असे वाटले. ते ख्रिस्ती नव्हते, पण आकडा आणि माणूस या दोघांनाही न्याय कसा द्यावा हे त्यांच्याकडून शिकता येते. ते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. शिक्षण कागल व कोल्हापूर येथे झाले. ते तेरा वर्षांचे असताना वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याला पाठवले. त्या आठ रुपयांचा हिशेब ठेवूनच गोपाळराव शिकले. १८८४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले, पुण्यात शिक्षक झाले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून पुष्कळ चालले. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांना सार्वजनिक कामाची शिस्त लागली. सरकारी अहवाल बारकाईने वाचावेत, कोष्टके तपासावीत आणि मगच बोलावे, ही रानड्यांची शिकवण होती.

त्या शिस्तीची कठोर परीक्षा १८९७ साली झाली. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेगची साथ होती. रँडसाहेबाच्या देखरेखीखाली गोरे सोजीर घराघरात शिरून तपासणी करीत होते आणि लोक संतापले होते. पुण्याहून मित्रांची पत्रे आली. सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा मजकूर त्यांत होता. गोखल्यांनी तो खरा मानला आणि इंग्लंडमधील वृत्तपत्राला सांगितला. पार्लमेंटपर्यंत गोंधळ उडाला. सरकारने पुरावा मागितला.

गोखले मुंबईला उतरले तेव्हा पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची उघडपणे उभे राहण्याची तयारी नव्हती. लोकांचे हाल खोटे नव्हते. घरे उघडी पडली होती, देवघरे विटाळली होती, माणसे अपमानित झाली होती. पण जो विशिष्ट आरोप केला होता तो सिद्ध करता येत नव्हता. मित्रांची नावे सांगून सुटका करून घेण्याचा मार्ग गोखल्यांपुढे होता. तो त्यांनी घेतला नाही. त्यांनी स्वतःच्या नावाने बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भित्रा म्हटले. त्या वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांना मान खाली घालून बसावे लागले. नंतर प्लेगच्या कामात ते स्वयंसेवक म्हणून राबले. त्यानंतर तपासल्याशिवाय आकडा नाही आणि पुराव्याशिवाय आरोप नाही, हा त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा नियमच झाला.

त्याच १८९७ साली, जानेवारी महिन्यात, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अफवेने दुसरे एक संकट उभे केले होते. दक्षिण आफ्रिकेतील त्या वसाहतीचे नाव नाताळ. १४९७ च्या नाताळच्या सुमारास वास्को द गामाला तो किनारा दिसला, म्हणून हे नाव पडले. तिथल्या उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी १८६० पासून हिंदुस्थानातून मजूर नेले जात. पाच वर्षांच्या कराराला ते गिरमिट म्हणत, म्हणून ते गिरमिटिये. त्यांच्या मागोमाग व्यापारीही गेले.

१८९६ साली गांधीजी हिंदुस्थानात आले होते आणि पुण्यात गोखल्यांना भेटले होते. तिथल्या हिंदी लोकांच्या हालांवर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. तिचा अगदी त्रोटक सारांश तारेने नाताळला पोहोचला आणि मूळ मजकुरापेक्षा तो कितीतरी भडक होता. तेवढ्यात गांधीजी ज्या बोटीने परतत होते ती आणि तिच्याबरोबरची दुसरी, अशा दोन बोटी डर्बनला लागल्या. दोन्हींत मिळून सुमारे ८०० उतारू होते. गांधीजींनी नाताळ बुडवायला माणसे भरून आणली, अशी आवई उठली. त्यांतले बरेच जण नाताळमध्ये राहणार नव्हते, पुढे ट्रान्सवालला जाणार होते. पण ते कोणी विचारले नाही. १३ जानेवारीला गांधीजी उतरले आणि जमावाने त्यांना दगडांनी मारले. पोलीस सुपरिंटेंडंटच्या पत्नी आपली छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या, आणि पोलिसांनी त्यांना वाचवले. आरोपींवर खटला भरायला गांधीजींनी नकार दिला. त्याच वर्षी नाताळने बाहेरून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला.

पुढे गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले आणि त्यांनी या दूरच्या माणसांची बाजू हाती घेतली. त्यासाठी त्यांनी आरोळी ठोकली नाही, हिशेब मांडला. गिरमिट संपल्यावर पुन्हा करार न करता नाताळात राहणाऱ्याला १८९५ च्या कायद्याने वर्षाला तीन पौंड कर बसवला होता. बायकोला आणि मोठ्या झालेल्या मुलामुलींनाही तो लागू झाला. गांधीजींनी नोंदवल्याप्रमाणे अशा माणसाची सरासरी कमाई महिन्याला १४ शिलिंगांहून जास्त नव्हती, म्हणजे वर्षाला साडेआठ पौंडांच्या आत. चार माणसांच्या घराचा कर मात्र १२ पौंड. असा कर उत्पन्नासाठी नसतो, माणसाला हाकलण्यासाठी असतो. हे समजायला अंकगणित पुरे होते.

फेब्रुवारी १९१० मध्ये गोखल्यांनी नाताळसाठी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. तो मान्य झाला आणि १९११ च्या जुलैपासून भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी गिरमिटपद्धतच रद्द करण्याचा ठराव आणला. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया नेण्याच्या नियमाने संसार कसे मोडतात, मळ्यांवर आत्महत्यांचे प्रमाण मायदेशापेक्षा किती जास्त आहे, हे त्यांनी दाखवले. सरकारी मतांच्या जोरावर ठराव पडला.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गिरमिटाखाली कामावर न येणे, परवान्याशिवाय मळ्याबाहेर जाणे, हेसुद्धा फौजदारी गुन्हे होते. त्यासाठी दंड होई, तुरुंगही होई. तुरुंगाच्या वहीत अशी शेकडो नावे चढत. ती वही उघडून कोणी म्हणाला असता की हे लोक जातीचेच गुन्हेगार, तर आकडा खरा आणि निष्कर्ष खोटा, असे झाले असते. वहीत चोर किती आणि आजारपणात कामावर न गेलेले किती, हे वेगळे केल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले स्वतः केप टाउनला उतरले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरी ते गावोगाव हिंडले, मजुरांना भेटले, गोऱ्यांच्या सभांतही बोलले. सरहद्द सताड उघडी ठेवा अशी त्यांची मागणी नव्हती. नव्या देशाला येणाऱ्यांवर मर्यादा घालता येते, हे त्यांना मान्य होते. मात्र कायद्यात वंशाचा कलंक नसावा आणि जे तिथे राहतात त्यांना माणसासारखे वागवावे, एवढे त्यांचे म्हणणे होते. मंत्र्यांशी बोलणी करण्याआधी त्यांनी गांधीजींकडून सगळ्या प्रश्नाचे टिपण करून घेतले आणि रात्री जागून ते अभ्यासले.

तीन पौंडांचा कर जाणार, असे समजून ते परतले. सरकारने नंतर तसे वचन दिल्याचे नाकारले. मग १९१३ चा सत्याग्रह झाला. ६ नोव्हेंबरला २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडून चालत गेली. कायद्याच्या नजरेत ते सगळे गुन्हेगार ठरले. इकडे गोखले अंथरुणाला खिळत चालले होते, तरी त्यांनी देशभरातून निधी जमवला आणि चार्ल्स अँड्र्यूज व पिअर्सन यांना आफ्रिकेला धाडले. १९१४ साली कर रद्द झाला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुण्यात गोखल्यांचे निधन झाले. गिरमिटाची भरती १९१७ मध्ये थांबली. ते पाहायला ते नव्हते.

बंधुभगिनींनो, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आज सांगण्याचे कारण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत हिंडणारे होते. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. त्या पाचांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. त्यांना बोलायला पाच मिनिटे मिळाली असती तर ते घरी गेले असते.

आणि ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या हे कळले तेव्हा आपल्याला वाईट वाटले. परवान्याशिवाय गेलेल्याला परत पाठवण्याचा त्या देशाला हक्क आहे. पण त्यांतल्या प्रत्येकाला दरोडेखोर म्हणणे आपल्याला पटले असते का? मग दुसऱ्याच्या मुलाविषयी तसेच बोलताना आपण थांबायला हवे.

आपल्याच मुखेड, कंधार, जळकोट भागातली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, पुण्यात आणि हैदराबादेत बांधकामावर राबतात. तिथे ती परकी असतात. त्या गावात चोरी झाली की पहिली नजर कोणाच्या कोपीकडे वळते, हे त्यांना विचारून पाहावे. आणि आपल्या नांदेड-लातुरात फरशी बसवायला, गिलावा करायला जो दूरच्या प्रांतातला पोरगा येतो, त्याच्या आईलाही हीच काळजी असते.

गुन्हा गुन्हाच असतो. तो करणारा आपला असो वा परका, त्याला कायद्याने शिक्षा व्हावी. संशय आला तर पोलिसांना कळवावे, ११२ क्रमांक त्यासाठीच आहे. पण एकाच्या अपराधाची खूण त्याच्या सगळ्या जमातीच्या कपाळी लावणे म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देणेच आहे, आणि आठव्या आज्ञेत मोबाइलसाठी सूट दिलेली नाही.

यापुढे असा आकडा आला की तीन गोष्टी विचाराव्यात. नेमके काय मोजले, म्हणजे खून की नुसता कागद नसणे? कितीजणांमागे मोजले? बाहेरून येणाऱ्यांत तरुण पुरुष जास्त असतात, त्यांची तुलना म्हाताऱ्या-कोताऱ्यांसकट सगळ्या गावाशी होत नाही. आणि कोणी मोजले, त्याचे नावगाव आहे का? उत्तर मिळाले नाही तर तो संदेश पुढे पाठवू नये. आपण तो आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर स्वतःच्या नावाने तसे लिहावे. गोखल्यांनी ते साऱ्या साम्राज्यासमोर केले होते. आपल्याला फक्त मामा-मावश्यांसमोर करायचे आहे.

आपला,
धर्मगुरू