हाफकिन : प्रयोगशाळा, घर आणि सणवार

शेतात साप चावलेला रुग्ण नांदेड किंवा लातूरच्या सरकारी रुग्णालयात आला की त्याला सर्पविषावरची लस देतात. महाराष्ट्रात या लसीशी एक नाव कायमचे जोडले गेले आहे : हाफकिन. पोलिओच्या डोसामुळेही ते नाव ठाऊक झाले. पण हे नाव एका माणसाचे होते आणि संशोधनाच्या नोकरीसाठी त्याने कशाकशावर पाणी सोडले, हे फारसे कुणाला माहीत नसते.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. रशियात तेव्हा झारचे राज्य होते. विद्यापीठात त्यांना एली मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे दाखवणारे तेच मेचनिकोव्ह. हाफकिन हुशार होते, पण ज्यू माणसाला प्राध्यापकाची जागा मिळत नसे. धर्म बदलला तर दार उघडेल, असा प्रस्ताव समोर होता. हाफकिन यांनी नकार दिला. काही वर्षे ते प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात साहाय्यक राहिले, मग देश सोडून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तिथेही मोकळी होती ती ग्रंथालयातली जागा. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जंतूंवर काम करायचे, असा त्यांचा दिनक्रम ठरला. त्यातूनच कॉलऱ्याची लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते कलकत्त्याला आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये थोडीशी जागा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच सरंजाम होता. मांसाच्या रश्शात जंतू वाढवायचे, तर गोमांस चालणार नव्हते. लोक लस घेणार नाहीत हे त्यांनी ओळखले. म्हणून बकऱ्याच्या मांसाचा रस्सा वापरला. त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारले की लस तयार होई. खाण्यापिण्याचे नियम ज्याच्या घरातच होते, त्याला दुसऱ्याच्या ताटातले नियम समजले.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःलाच टोचली, तीही नेहमीच्या मात्रेपेक्षा जास्त. ताप आला, दंड दुखला, पण ते कामावर होते. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली. लस घेतलेल्यांत प्लेग कमी झाला. पूर्ण संरक्षण नव्हे, पण घरात उंदीर पडला की गाव सोडून रानात झोपड्या बांधणाऱ्या त्या काळात एवढाही आधार मोठा होता. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

या धावपळीत घरसंसार झाला नाही. हाफकिन अविवाहित राहिले. मुंबई आणि कोकणात तेव्हा बेने इस्राएल समाज होताच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून हे मराठी बोलणारे ज्यू 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. नव्याचा सण, खिरीचा सण, दार फळणीचा सण ही त्यांच्या सणांची नावे. त्या घरांत शुक्रवारी सूर्य मावळला की काम थांबे. प्लेगला मात्र वार नव्हता आणि लसीची मागणीही कुठल्या वारी थांबत नव्हती.

मग ३० ऑक्टोबर १९०२ आला. पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. प्रत्यक्षात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला नव्हता, अशी साक्ष होती. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय उरलेल्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीच झाले नव्हते. डॉ. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे घेतली. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पण मुंबईची जागा परत मिळाली नाही. कलकत्त्यात काम करून १९१४ च्या सुमारास ते निवृत्त झाले.

त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी राहून गेलेली बाजू उचलली. १९१६ मध्ये त्यांनी ज्यू धर्माचे पारंपरिक आचरण राखण्याच्या बाजूने एक दीर्घ लेख लिहिला. वैज्ञानिक असणे आणि सणवार पाळणे यांत त्यांना विरोध दिसत नव्हता. १९२९ मध्ये त्यांनी आपली जन्माची पुंजी एका निधीत घातली. पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांसाठी तो निधी होता. मात्र धर्मशिक्षणासोबत मुलांना विज्ञान आणि हातचा व्यवसायही शिकवला जावा, हा त्यामागचा हेतू होता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्येच, ते हयात असताना दिले गेले होते. स्वतःचे घर न मांडलेल्या या माणसाने आयुष्यभराची कमाई मात्र अशा मुलांसाठी ठेवली, ज्यांना पुढे प्रयोगशाळा आणि सण यांतले एकच काही निवडावे लागू नये.