वाल्डेमार हाफकीन आणि पटकीचा रोग

ठाणे किंवा कल्याण येथून धीम्या आगगाडीने मुंबईस जाणाऱ्या वाचकांस वाटेत परळ हे स्थानक लागते. त्या परळात, पूर्वीच्या गव्हर्नरांच्या वाड्यात, हाफकीन संस्था आहे. ज्या पुरुषाचे हे नाव, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो. कारण पावसाळा लागला की उल्हास नदीच्या काठच्या आपल्या गावांतून जुलाब व पटकी यांचे भय उत्पन्न होते.

वाल्डेमार हाफकीन यांचा जन्म 1860 साली काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरी एका यहूदी कुटुंबात झाला. त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. वैद्यकीची पदवी त्यांजपाशी नव्हती. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांस काय ती ग्रंथालयातील जागा मिळाली. ती त्यांनी पत्करली, आणि उरलेला वेळ रोगजंतूंच्या शोधास दिला.

त्या काळी पटकी दूषित हवेने होते असे पुष्कळ विद्वान मानीत, आणि आपल्या खेड्यांतून ती मरीआईचा कोप समजली जाई. परंतु 1884 साली रॉबर्ट कॉक यांनी रोग्यांच्या आतड्यांत सापडणारे जंतू कलकत्त्याच्या एका तळ्यातही दाखवून दिले. रोग्याच्या मळातून पाण्यात व पाण्यातून दुसऱ्याच्या मुखात, असा या रोगाचा मार्ग आहे.

हाफकीन यांनी या जंतूंची लस तयार केली व 18 जुलै 1892 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. 1893 साली ते हिंदुस्थानात आले. 1894 साली कलकत्त्याच्या एका वस्तीत सुमारे 200 रहिवाशांपैकी 116 जणांनी लस घेतली. त्यानंतर तेथे 10 जणांस रोग झाला. ते सर्व लस न घेतलेलेच होते.

1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा सरकारने त्यांस तेथे पाठविले. प्लेगची लसही त्यांनी 10 जानेवारी 1897 रोजी आधी आपल्याच अंगात घेतली. परंतु 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले 19 लोक धनुर्वाताने मेले. ठपका हाफकीन यांजवर आला आणि त्यांस कामावरून दूर व्हावे लागले. विष प्रयोगशाळेत नव्हे, तर त्या गावी बाटली उघडतेवेळी शिरले असले पाहिजे, असे रॉनाल्ड रॉस आदि शास्त्रज्ञांनी दाखविले, तेव्हा कोठे 1907 साली ते दोषमुक्त झाले. 1925 साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. 1930 साली स्वित्झर्लंडात लोझान येथे ते निवर्तले.

लस निरोग्याचे रक्षण करते, पण आजाऱ्यास बरे करीत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. जुलाबांत मनुष्य मरतो तो मुख्यत्वे अंगातील पाणी व क्षार वाहून गेल्याने. डोळे खोल जाणे, तोंड सुकणे, लघवी थोडी होणे, चिमटीत धरून सोडलेली कातडी सावकाश जागी येणे, ही त्याची चिन्हे होत. तांदळाच्या धुवणासारखे पुष्कळ जुलाब होऊ लागल्यास पटकीचा संशय घ्यावा; निश्चय मळाच्या तपासणीने होतो.

उपाय साधा आहे. 1971 साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर दिलीप महालनवीस यांनी मीठ व साखर यांचे पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचविले. ओ. आर. एस. ची पुडी मिळाल्यास तीवर लिहिल्याप्रमाणे द्यावी; न मिळाल्यास उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजीत राहावे. तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध तोडू नये. मुलांस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे 14 दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्या. मळात रक्त असल्यास, ताप असल्यास, किंवा रोगी ग्लानीत असल्यास विलंब न लावता दवाखाना गाठावा. जंतुनाशक औषध आपल्या मनाने देऊ नये.

मुल्कोवाल येथे एका बाटलीच्या दूषणाने 19 जीव गेले. आपल्या घरी शौचाहून आलेला न धुतलेला हात पाण्याच्या माठात बुडतो, तेव्हा तेच संकट आपण घरात आणतो. म्हणून हात साबणाने धुवावे, माठावर झाकण ठेवावे, पाणी ओगराळ्यानेच काढावे, आणि हे शेजाऱ्यासही सांगावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.